नंदाबाईचं नेपाळातलं धुणं

धावड्याच्या नंदाबाईला सगळं येतं. खुरपणी येते, अडलेली मेंढी मोकळी करता येते, ग्रामसभेत सरपंचाला गप बसवता येतं. फक्त हळू बोलता येत नाही. ती चुलीपासून नवऱ्याला 'च्या घेता का' म्हणून विचारते आणि रस्त्यानं जाणारा माणूस 'अर्धा कप चालंल' म्हणत ओट्यावर येऊन बसतो. अशा बाईनं एक गोष्ट दोन वर्षं पोटात ठेवली. सख्ख्या बहिणीला सुद्धा कळू दिली नाही. आज हे गावात सांगितलं तर लोक म्हणतात, हॅट, कायबी सांगू नका!

गोष्ट नवऱ्याची होती. त्याचं नावच कारभारी. बाकीच्या बाया आपापल्या नवऱ्याला 'कारभारी' म्हणून मोकळ्या होतात. हिच्या वाट्याला नेमकं तेच नाव आलं, मग ते तोंडानं घ्यायचं कसं? म्हणून चाळीस वर्षं ती नुसतं 'आवं' म्हणते. तेवढ्यावर भागतं.

कारभारी म्हणजे उंचापुरा, काटक माणूस. तरुणपणी दीडशे मेंढरं हाकत पार खानदेशापर्यंत गेलेला. रात्री उघड्यावर घोंगडीत झोपायचा, पण सकाळी धोतर बघाल तर बगळ्यासारखं. धोतराला डाग पडला तर त्याला घास गोड लागायचा नाही. पँट त्यानं जन्मात घातली नाही. तर दोन वर्षांपूर्वी या माणसाचं लघवीच्या जागेचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन बराबर झालं, जीव वाचला, पण तेव्हापासून लघवी धरवेना. शिंक आली, चटकन उठून उभं राहिलं, नुसतं खदखदून हसू आलं, की झालंच. डॉक्टर म्हणाले, काही जणांना होतं असं, वेळ लागेल. तो वेळ काही संपला नाही.

कारभारीनं घर सोडणं सोडलं. भोकरदनचा बाजार सुटला, लग्नाच्या पंगती सुटल्या, पारावर बसणं सुटलं. कुणी विचारलं की नंदाबाई ठणकावून सांगायची, "गुडघे दुखून राह्यले त्यांचे!" पोरगी तृप्ती संभाजीनगरला असते. तिनं मोठ्या माणसांचे डायपर आणून दिले. कारभारीनं पुडकं उघडून बघितलं आणि गोठ्यात भिरकावलं. "म्या काय पाळण्यातलं लेकरू हाय का?" पोरगी रडत परत गेली.

ओल्या धोतरांचं नंदाबाईला काही वाटत नव्हतं. लेकरांचं काढलं, सासूचं काढलं, मेंढरांचं तर रोजचंच. तिला वाटत होतं ते वेगळं. दीडशे मेंढरांना एका शिट्टीवर वळवणारा हा माणूस दाराच्या आड उभा राहून रस्ता बघायचा, आणि कुणी आलं की आत सरकायचा. एकदा, एकदाच, यानं पुन्हा चार माणसांत बसावं. बाकी देवाकडं तिचं काही मागणं नव्हतं.

फाल्गुनात हरभरा घरात आला आणि भोकरदनच्या सुग्रीवची यात्रेची गाडी निघायची झाली. काशी, अयोध्या, तिथून नेपाळ, पोखरा आणि पशुपतिनाथ. वीस दिवस, चाळीस माणसं. कारभारी पूर्वी नेहमी म्हणायचा, मेंढरामागं सगळा मुलूख पालथा घातला पण पशुपती राहून गेला. नंदाबाईनं त्याला न विचारता दोन सीटा सांगून टाकल्या.

"मला न्यायचं तर पोत्यात घालून ने," कारभारी म्हणाला.

"नेईन पोत्यात! उचलायला मला जड हाय का तुमी?" नंदाबाई म्हणाली. मग, कधी नव्हे ते, आवाज खाली आणून बोलली. "आवं, खंडोबाची आण घेऊन सांगते. गाडीत एका माणसाला कळू देणार न्हाई. कळलं तर मला नंदा म्हणू नगा."

तो म्हणाला, "कळलं तर म्या तिथंच उतरंन. मंग तू एकली ये माघारी."

अशा कराराची ही यात्रा.

नंदाबाईनं तयारी केली ती एखाद्या जनरलनं करावी तशी. जुनी सुती लुगडी फाडून चौघडी घड्या शिवल्या. धोतरं चार घेतली. गाडीच्या सीटवर खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर घोंगडी, वर लुगड्याची घडी. धनगराच्या म्हाताऱ्यानं घोंगडी टाकून बसावं यात कुणाला नवल वाटणार? आणि घोंगडीला तिचा स्वतःचा असा वास असतो की त्यापुढं बाकीच्या वासांची काही टाप नाही.

काशीपर्यंत सगळं सुरळीत झालं. घाटावर जो तो धुणं बडवत होता. त्यात नंदाबाईची चार धोतरं कोण मोजतो? कारभारी खिडकीशी बसून शेतं बघायचा. गहू कसा आहे, विहिरी कुठं आहेत, गाई कशा आहेत, हळूहळू मागच्या सीटवरच्या आबारावशी बोलायला लागला. आबाराव भोकरदनजवळचाच, पँट-शर्टातला, गप्पिष्ट गडी. एकदा तर कारभारी हसला. नंदाबाईनं खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले आणि वर म्हणाली, "काय मेली धूळ या रस्त्याला!"

घोडं अडलं ते सरहद्द ओलांडल्यावर. गाडीचे कागद झाले, घड्याळं पंधरा मिनिटं पुढं केली, आणि डोंगर चढून गाडी पोखऱ्याला लॉजवर आली. तिथं थंडी. वरून पावसाची झड. नळाचं पाणी असं की बोटं कापून काढावीत. साऱ्या बायांनी मळकी लुगडी-साड्या पिशव्यांत कोंबल्या आणि म्हणाल्या, आता धुणं घरी गेल्यावर. एकटी नंदाबाई दिवस उगवायच्या आत मागच्या नळावर धोतरं आपटत बसली.

आपटायचीही सवय वाईट. धप्, धप्, धप्. आबारावची बायको चांगुणाबाई शाल गुंडाळून बाहेर आली. चांगुणाबाई मनानं सोनं, पण तिला एकदा प्रश्न पडला की उत्तर मिळेस्तोवर ती हालत नाही.

"अगं बाई, या बर्फाच्या पाण्यात? काहून जीव देऊन राह्यली? दोन दिस तेच धोतर नेसले तर काय आभाळ कोसळंल?"

नंदाबाईच्या हातात ओलं धोतर, समोर चांगुणाबाई, आणि मनात खंडोबाची आण. तोंडातून निघून गेलं, "नवस हाय माझा."

"कसला नवस?"

"पशुपतीचा. जिथं मुक्काम तिथं मालकाचं धोतर रोज आपल्या हातानं धुवायचं. पार त्याच्या दारापर्यंत. मंग त्यांचे गुडघे बरे व्हत्याल."

बोलून गेली आणि मग तिला कळलं. देवाच्या नावानं खोटं! तेही त्याच्याच मुलखात येऊन. पण झाकली मूठ सव्वालाखाची. ती तशीच आपटत राहिली.

चांगुणाबाईनं दोन्ही हात जोडले. "धन्य बाई तुझी!" आणि आत गेली.

नंदाबाईला वाटलं, सुटले. कसली सुटते! दुसऱ्या दिवशी पहाटे ती नळावर आली तर तिथं अकरा बाया रांगेत. चांगुणाबाईनं रात्रीतून साऱ्या लॉजभर करून सोडलं होतं, की असा असा नवस आहे, सोपा आहे, खर्च काही नाही, आणि गुडघ्यांवर हमखास चालतो. ज्यांच्या नवऱ्यांना गुडघेच काय, काहीच झालं नव्हतं, त्याही पुढच्या आयुष्याची बेगमी म्हणून आल्या होत्या. आबाराव धोतर नेसत नव्हता म्हणून चांगुणाबाईनं त्याची पँट आणली होती. "देवाला पँट चालंल ना गं?" तिनं अगदी भक्तीनं विचारलं.

"चालती," नंदाबाई कशीबशी म्हणाली.

वर चांगुणाबाईनं हात पुढं केला. "अन् तुझं एक धोतर दे मला धुवायला. तुझं पुण्य लई हाय, वाईच आमाला बी मिळू दे."

नंदाबाईनं बोचकं असं पोटाशी धरलं की जणू त्यात पाच तोळ्यांचा हार आहे. "न्हाई! दुसऱ्याचा हात लागला की नवस मोडतो!"

"एकच."

"एक बी न्हाई!"

पुण्य नको पण बाया आवर, अशी गत. शेवटी ती बोचकं घेऊन लॉजच्या स्वयंपाकघरामागं पळाली. तिथं लॉजवालीची भांडी घासायची जागा होती. लॉजवाली, नेपाळी बाई, बाहेर आली. तिनं बोचक्याकडं बघितलं, नाक जरा हाललं. धुण्याचं दुखणं बाईमाणसाला वासावरून कळतं, त्याला कुठली भाषा लागत नाही.

"बूढा?" तिनं विचारलं.

नंदाबाईनं होकाराची मान हलवली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं घराबाहेरच्या कुणापुढं ती मान हलवली होती, आणि एकदम तिला रडू फुटलं. लॉजवालीनं "मेरा ससुर," असं काहीसं सांगितलं, आत जाऊन गरम पाण्याची बादली आणली, आणि दोघी मिळून धोतरं पिळायला लागल्या, एकीनं एक टोक धरून, दुसरीनं दुसरं. नंदाबाईनं तिला धरू दिलं. परक्या मुलखातली बाई, तिला कळलं काय अन् न कळलं काय, असं तिनं मनाशी म्हणून घेतलं.

पण पिळलेलं वाळायला पाहिजे ना! झड थांबेना. पोखऱ्याहून काठमांडूला निघाले तेव्हा धुतलेली सारी धोतरं दमट. गाडीच्या खिडक्यांतून टोकं बांधून वाळत घालावीत तर बाहेर पाऊस. घाटाच्या खराब रस्त्यानं सारा दिवस गेला. आणि पशुपतीच्या दर्शनाच्या दिवशी सकाळी, साडेसहाला गाडी निघणार म्हणून सगळे खाली जमलेले, तेव्हा खोलीत कारभारी घोंगडी गुंडाळून पलंगावर बसला होता आणि नंदाबाई तांब्यात उकळतं पाणी घेऊन तांब्याच्या बुडानं एका दमट धोतरावर इस्त्री फिरवत होती. अंगावरचं शेवटचं कोरडं धोतर नुकतंच भिजलं होतं.

"राहू दे," कारभारी म्हणाला. "तू जाऊन ये. म्या हितंच बसतो."

"बसता कसे? धा देशांच्या वाटा तुडवून आले ते खोलीत बसाया व्हय?"

खालून हॉर्न. ती दारातून ओरडली, "नवसाचं धोतर वाळलं न्हाई अजून! जरा दम धरा!" हॉर्न बंद झाला. पुन्हा सुरू झाला. दीड तासानं दोघं खाली उतरले, कारभारी जरासं दमट पण पांढरं धोतर नेसून, नंदाबाई खाली मान घालून.

पुढं काय व्हायचं तेच झालं. शहरात गर्दी, गाडी जिथल्या तिथं. देवळाजवळ गाडी सोडून, चालत, रांग धरून दाराशी पोचेपर्यंत दुपार झाली आणि देवाचं दार लागलं. आता संध्याकाळी उघडणार. संध्याकाळी जनकपूरकडं निघायचं ठरलेलं, तिथला मुक्काम सांगितलेला, सगळं बोंबललं. चाळीस माणसं बागमतीच्या काठी पायऱ्यांवर बसली. उपाशी, कावलेली.

सुग्रीव तसा वाईट माणूस नाही. वीस दिवस चाळीस जणांची जेवणं, खोल्या, पोटदुख्या सांभाळायच्या म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं थोडंच. त्या दिवशी ते सुटलं. सगळ्यांसमोर तो नंदाबाईपुढं येऊन उभा राहिला.

"मावशी, झालं का समाधान? एका बाईच्या धुण्यापायी चाळीस माणसांचं दर्शन गेलं! घरी नदी न्हाई का, नळ न्हाई का, की परदेशात येऊन धोबीघाट मांडला? अन् कसला हो हा नवस? म्या बारा वर्सं यात्रा नेऊन राह्यलो, असा नवस ऐकला न्हाई. देवाच्या नावावर ढोंगं करायची अन् चार बायांत मोठेपणा मिरवायचा!"

कुणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले.

एरवीची नंदाबाई असती तर सुग्रीवला बागमतीत उभा धुतला असता. पण आज तिनं वेगळंच केलं. पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, "चुकलं बाबा माझं." आतून तिला बरंच वाटत होतं. ढोंगी म्हणा, आगाऊ म्हणा, काय वाटेल ते म्हणा. मूठ झाकलेली होती.

"चुकलं म्हणून काय दार उघडतंय?" सुग्रीव म्हणाला. "आजपासून धुणं बंद. ज्याला ढोंग करायचं त्यानं आपल्या वाटेनं—"

"सुग्रीव."

कारभारी उठून उभा राहिला होता. चटकन उठला होता, आणि चटकन उठलं की काय होतं ते नंदाबाईला ठाऊक होतं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आवं, बसा. बसा म्हणते ना."

"ती ढोंगी न्हाई," कारभारी म्हणाला. आवाज पारावरचा, जुना, सगळ्यांना ऐकू जाणारा. "तिचा नवस बी न्हाई. धुणं माझं हाय. ऑपरेशन झाल्यापून मला लघवी धरवत न्हाई. दोन वर्सं ती माझी धोतरं धुऊन राह्यली, अन् कुणाला कळू नये म्हणून खोटं बोलून राह्यली. काय बोलायचं ते मला बोल."

धोतर पुढून ओलं झालेलं सगळ्यांना दिसत होतं. त्यानं ते झाकलं नाही.

सुग्रीवच्या तोंडावरचा रंग उडाला. "काका, मला म्हाईत असतं तर..."

"म्हाईत नसलं तरी बाईमाणसाला असं बोलत्यात व्हय रे?"

मग चांगुणाबाई उठली. कमरेवर हात ठेवून नंदाबाईसमोर आली आणि म्हणाली, "अगं भवाने! म्या चार दिस भीक मागून राह्यले, एक धोतर दे, एक धोतर दे! दिलं असतंस तर काय झालं असतं गं? दोघींनी मिळून आटपलं नसतं?" आणि बोलता बोलता तिचेच डोळे वाहायला लागले. तिनं अंगावरची शाल काढली. "आवं, बघत काय बसले? धरा की!"

आबारावनं शालीचं एक टोक धरलं. दुसरं धरायला सुग्रीव आला. आणखी दोघांनी आपल्या चादरी आडव्या केल्या, आणि त्या चौकोनात, भर दुपारी, परक्या मुलखातल्या नदीकाठी कारभारीनं नंदाबाईच्या पिशवीतलं दुसरं धोतर नेसलं. आबाराव आभाळाकडं बघत त्याला विचारत होता, "भाऊ, तुमच्याकडं यंदा हरभऱ्याला उतार कसा पडला हो?" आणि आतून कारभारी उत्तर देत होता, "एकरी सात." ओलं धोतर चांगुणाबाईनं उचललं, नदीजवळच्या नळावर नेलं. नंदाबाई अडवायला गेली नाही.

ती रागावली होती. तासभर नवऱ्याशी बोलली नाही. सगळे डाळ-भात खायला पांगले तेव्हा तिनं तोंड सोडलं, आणि पलीकडच्या काठावरच्या लोकांनी मान वळवून बघितलं.

"कोण म्हणलं व्हतं तुमाला उठायला? बारा दिस जीव जाळला म्या! हाताची सालटं निघाली! देवाच्या दारात खोटं बोलले! अन् तुमी एका मिंटात सगळं पाण्यात घातलं! काय अडलं व्हतं तुमचं?"

कारभारी नदीकडं बघत होता. "माझं काय अडत न्हवतं," तो म्हणाला. "मला हजार बोल्ला असता तर गप बसलो असतो. त्यो तुला बोल्ला."

नंदाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, पण असं पहिल्यांदाच घडलं असेल.

संध्याकाळी दार उघडलं. कारभारी आबारावच्या मागं, चाळीस माणसांच्या मधोमध रांगेत होता, आणि पुढच्या-मागच्यांना मेंढरांच्या गोष्टी सांगत होता. नंदाबाई त्याच्या मागं. देवाची माफी कशी मागायची ते ती पोखऱ्यापासून मनात जुळवत आली होती. नाक घासू, पाच सोमवार धरू, काय काय ठरवलं होतं. पण समोर आली तेव्हा पाठीमागून रेटा, बाजूनं 'चलो माई, चलो', हात जोडायला श्वासभर वेळ.

"देवा, तुझ्या नावानं खोटं बोलले," ती म्हणाली, आणि तिला हळू बोलता येत नाही, म्हणून ते सगळ्या रांगेनं ऐकलं. "यांच्यासाठी पुन्हा येळ आली तर पुन्हा बोलीन."